शाळेच्या रेवेवरचा नांगर

हिल्मा कोस्केला चिडली की टोलक नदीच्या दोन्ही काठांना कळायचं, आणि ती रोज चिडायची. सप्टेंबरात कोरे करकरीत रबरी बूट घालून आलेला एखादा शहरी पाहुणा विचारायचा, "मासे कुठे आहेत?" ती म्हणायची, "पाण्यात." पुढे दिवसभर तो बिचारा काही विचारायला धजत नसे. तरी हीच माणसं पुढच्या वर्षी पुन्हा तिच्याच नावेत बसायला यायची, कारण ओरेगॉनच्या त्या किनाऱ्यावर टोलक नदी तिच्याइतकी कुणाला वाचता येत नव्हती. हे तिचे वैरीसुद्धा कबूल करत. वैरीही तिला पुष्कळ होते.

तिचा बाप एइनो मोठ्या नदीच्या मुखाशी जाळी टाकायचा. जाळ्यांचे दिवस संपले तेव्हा त्याने देवदाराच्या फळ्यांची, सपाट तळाची, दोन्ही टोकं वर उचललेली एक नाव बांधली आणि मुलीला वल्ह्यांवर बसवलं, पाहुण्यांना गळाने मासे धरायला नेणारी गाइड म्हणून. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. आता चौसष्टची आहे. मधल्या काळात लग्न झालं आणि मोडलं. नवरा वेंडेल ॲरिझोनाला निघून गेला. जाताना म्हणाला, "तुझा राग आणि इथला पाऊस, दोन्ही एकदम नाही सोसत मला." ही म्हणाली, "पाऊस माझ्या हातात नाही." रागाबद्दल ती काही बोलली नाही, आणि तो गाडीत बसून निघून गेला.

नदी बघायची तिची एक रीत होती. घरामागे पाण्यात उभा असलेला कुंपणाचा एक जुना खांब होता. त्याला बापाने हातभर अंतरात पाच खिळे ठोकले होते. पाणी तिसऱ्या खिळ्याच्या वर आणि रंग कॉफीचा, म्हणजे घरी बसा. पाणी उतरून हिरवट झालं, गुडघाभर खोलीवरचा गोटा जेमतेम दिसू लागला, की निघा. पोर्टलंडहून गिऱ्हाईक फोन करायचं, "फोनवर तर नदी उतरलेली दिसतेय हो." हिल्मा म्हणायची, "मग फोनमध्येच मासे धरा," आणि फोन ठेवून द्यायची. अशा वेळी दिवस बुडायचा, पण गढूळ नदीत नाव घालून लोकांना नुसतं भिजवून आणायचं तिला पटत नसे.

शरदात पहिल्या लोंढ्याबरोबर चिनूक सॅमन खाडीतून वर चढायचे. मोठे, जड, आपल्याच तंद्रीतले. नोव्हेंबरात त्यांचं अंग काळवंडलं की ती त्यांचा नाद सोडायची. "त्यांना आता त्यांचं काम करू द्या," म्हणायची. डिसेंबरात स्टीलहेड मासे यायचे, त्यांत पहिले यायचे ते हौदात वाढवून नदीत सोडलेले. त्यांच्या पाठीवरचा, शेपटीकडचा चिमुकला पर लहानपणीच कापलेला असतो. तो नसला की मासा घरी न्यायचा. पर शाबूत असला तर तो नदीचा स्वतःचा मासा. तो पाण्यातच ठेवायचा, गळ सोडवायचा आणि जाऊ द्यायचा. फोटोसाठी सुद्धा त्याला वर उचललेलं हिल्माला खपत नसे. एका बँकवाल्याने उचलला होता एकदा. तिने त्याला तिथल्या तिथे काठावर उतरवलं आणि सांगितलं, रस्ता त्या झाडांपलीकडे आहे. तो चार मैल चालत गावात आला.

खरे नदीचे स्टीलहेड जानेवारीच्या शेवटी येतात. तेव्हा शाळेच्या रेवेचा नियम लागतो.

वरच्या पुलाखाली जुन्या जळक्या शाळेच्या समोर नदी पसरट होते. तिथे सुपारीएवढ्या गोट्यांची स्वच्छ रेव आहे आणि तिच्यावरून हात-दीड हात पाणी पळतं. मादी तिथे आडवी होऊन शेपटीने रेव उकरते, अंडी घालते आणि वरून पुन्हा रेव लोटते; नर शेजारीच असतो. ताज्या घरट्याचा रंग भोवतालपेक्षा फिका दिसतो. त्या हंगामातलं पहिलं घरटं ज्या गाइडला दिसेल त्याने वरच्या टोकाच्या झाडाला लाल फडकं बांधायचं. फडकं दिसलं की सगळ्यांनी डाव्या काठाच्या अरुंद धारेतून, गळ आत घेऊन, गुपचूप निघून जायचं. नांगर तर नाहीच नाही. हा कायदा नाही, कुठे लिहिलेलाही नाही. कायद्याने मार्चअखेरपर्यंत ती जागा उघडी आहे. पण नदीवर अकरा गाइड होते आणि अकरांनी तीस वर्षं हा शब्द पाळला.

मग वरच्या वळणावर नवं लॉज झालं आणि बारावा गाइड आला. कोर्बिन लास्क. परका असता तर गोष्ट वेगळी. कोर्बिनला वल्ही हिल्माने शिकवली होती. तेवीस वर्षांचा असताना लाकडाच्या गिरणीतली नोकरी जाऊन तो तिच्या दारात उभा राहिला होता. दोन हिवाळे तिने त्याला प्रवाहाकडे तोंड करून उलटं वल्हवायला लावलं, शिव्या घातल्या, जेवू घातलं. आता तो तेहेतीसचा, लॉजच्या पगारावर. लॉजचे पाहुणे विमानाने येत, तीन दिवस राहत, आणि त्यांना तीन दिवसांत मासा पाहिजेच असे.

यंदाचा हिवाळा कोरडा गेला. पाणी पहिल्या खिळ्याच्याही खाली आणि काचेसारखं नितळ. ओढे इतके आटले की माशांना त्यांत शिरताच येईना. एरवी सात-आठ ओढ्यांत विखुरणारे मासे यंदा सगळे मुख्य नदीत अडकले आणि अंडी घालायला एका शाळेच्या रेवेवर जमले. हिल्माने जानेवारीच्या सव्वीस तारखेला फडकं बांधलं, आणि काठावर उभं राहून एकवीस घरटी मोजली. एवढी तिने कधी पाहिली नव्हती. यंदाची नदीची सगळी वीण त्या एका अंगणाएवढ्या जागेत होती. ही गेली की चार वर्षांनी समुद्रातून परतणारं कुणी नव्हतं.

चार दिवसांनी फडकं गायब. तिने दुसरं बांधलं. तेही कुणीतरी कापलं. पुलावरून जाताना मर्ल गँटने कोर्बिनची नाव रेवेच्या वरच्या टोकाला उभी पाहिली. मर्ल हा अकरांतला सगळ्यांत जुना गाइड. आणि त्याच्या पोटात काही राहत नाही.

बर्निसच्या दुकानात सकाळी सगळे गाइड अंडी आणि कॉफीला जमतात. तिथे हिल्माने कोर्बिनला गाठलं.

"फडकं तू कापलंस?"

"मी नाही. मालकाच्या माणसाने कापलं असेल."

"आणि नांगर? तोही मालकाच्या माणसाने टाकला?"

"हिल्मा, कायद्याने जागा उघडी आहे. मार्च संपेपर्यंत."

"कायदा मला शिकवतोस? वल्हं कुठल्या टोकाला धरायचं ते माहीत नव्हतं तुला!"

"मान्य. शिकवलंस तू. म्हणून काय जन्मभर तुझ्या परवानगीने श्वास घेऊ?" कोर्बिनचे कान लाल झाले होते. "पाणी एवढं नितळ आहे की खालच्या डोहात एक मासा तोंड लावत नाही. पाहुणे रिकामे गेले तर उद्या माझ्या जागी दुसरा असेल. तो काय फडकं बघून थांबणार आहे?"

"म्हणजे दुसरा चोरी करणार, तर मीच आधी करतो. असंच ना?"

"चोरी म्हणू नकोस."

"अंडी घालणाऱ्या बाईच्या तोंडापुढे गळ नाचवायचा, याला काय म्हणतात तुमच्या लॉजवर? पाहुणचार?"

दुकान हसलं. कोर्बिन अर्धी कॉफी तशीच टाकून उठला. हिल्माला वाटलं, जिंकले. रागीट माणसाला असं फार लवकर वाटतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी तिच्या नावेत लेलँड प्रुइट आणि त्याची बायको डॉर्थी होती. लेलँड बॉइझीचा निवृत्त दंतवैद्य. दोघं चौदा वर्षं त्याच आठवड्यात यायची आणि हिल्माची बोलणी खाऊन खूश होऊन परत जायची. तिघांनी सकाळभरात हौदातले दोन मासे धरले होते. डॉर्थीने थर्मासमधून सूप ओतलं होतं. पूल मागे गेला, आणि रेवेच्या वरच्या टोकाला लॉजची हिरवी नाव नांगर टाकून उभी दिसली. कोर्बिन वल्ह्यांवर, पुढे दोन पाहुणे, आणि दोघांचे गळ थेट घरट्यांवर.

"ही लाल पट्ट्याची केवढी मोठी आहे बघ!" त्यांतला एक ओरडला.

हिल्माने डाव्या धारेतून निघून जायला हवं होतं. तिचाच नियम तो. पण तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिने वल्ही उलटी मारली आणि नाव आडवी घेतली, थेट कोर्बिनच्या पाहुण्यांच्या आणि माशांच्या मध्ये.

"दोऱ्या गुंडाळा!" ती गरजली. "गुंडाळा म्हणते ना! लाज वाटते का काही?"

"हिल्मा, बाजूला हो," कोर्बिन म्हणाला. "पाण्याला ओढ आहे. आपटशील."

"आपटू दे!"

"तुझ्या नावेत माणसं आहेत."

"तुझ्या नावेत कोण आहेत ते दिसतंय मला!"

कोर्बिनने नांगर उचलला. तो का उचलला यावर गावात अजून दोन मतं आहेत. तो स्वतः सांगतो की निघून जायला उचलला. हिल्माला वाटलं, हा आपल्याला रेटून खाली घुसणार. हिरवी नाव सुटून तिच्या दिशेने घसरू लागली. वाट अडवायची, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. तिने पायाखालचा खटका दाबला.

मागच्या टोकाला टांगलेला तीस पौंडांचा शिशाचा नांगर सुटला. आवाज फारसा झाला नाही.

आता एक गोष्ट हिल्माने तोवर निदान पंचवीस जणांना ओरडून ओरडून शिकवली होती. माशाने उकरलेली रेव मोकळी असते. ती नांगर धरत नाही. नावेला ओढ बसली की नांगर रुतण्याऐवजी खरवडत जातो. तसाच तो गेला. एका घरट्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, पंधरा-वीस हात. नितळ पाण्यात गाळाचा एक पट्टा उठला. मोठी मादी नावेखालून सूं करून खोल पाण्याकडे गेली. मग नांगर एका दगडाला अडकला आणि नाव गचका खाऊन थांबली. डॉर्थीचं सूप तिच्या मांडीवर सांडलं.

कोर्बिनने हिरवी नाव कशीबशी डाव्या धारेत घातली.

डॉर्थी नावेच्या कडेवरून वाकून पाण्यात बघत होती. "हिल्मा," तिने विचारलं, "हे केशरी काय वाहतंय?"

वाटाण्याएवढी अंडी, नावेच्या दोन्ही बाजूंनी खाली चालली होती. दहा, वीस, मग मोजता येईनात इतकी. खालच्या डोहात बारके मासे जमले आणि टपाटप गिळू लागले.

"दोर ओढा," हिल्मा म्हणाली. दोर तिच्याच हाताशी होता. शेवटी लेलँड मागे आला आणि त्याने नांगर वर घेतला.

त्या संध्याकाळी प्रुइट मंडळी बॉइझीला गेली. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. कोर्बिनही बोलला नाही. आणि हिल्माही बोलली नाही. दोन दिवस ती घरात धुमसत होती. सगळा राग कोर्बिनवर. त्याने फडकं कापलं, त्याने नांगर टाकला, तो तिथे नसता तर मी कशाला आडवी आले असते? हे ती कुत्र्याला सांगायची, चुलीला सांगायची, आरशाला मात्र सांगत नव्हती. सगळं बोलणं खरं होतं, तरी दर वेळी बोलून झालं की ती केशरी अंडी पुन्हा डोळ्यांसमोरून वाहायची. मग ती पहिल्यापासून चिडायला सुरुवात करायची.

गुरुवारी निकोलेट ओर्डवे गावात आली. ती मत्स्यखात्याची, दर दहा दिवसांनी नदीकाठ चालून घरटी मोजते. दुपारी ती बर्निसच्या दुकानात शिरली तेव्हा बूट ओलेच होते आणि चेहरा पडलेला होता.

"शाळेच्या रेवेवर कुणीतरी नांगर ओढलाय," ती म्हणाली. "तीन घरटी उकरली गेलीत. चौथं अर्धं."

दुकानात सात गाइड होते. शिवाय हिल्मा, खिडकीशी.

"कुणीतरी कशाला?" मर्ल गँट म्हणाला. "सगळ्यांना माहीत आहे कोण. मंगळवारी मी पुलावरून गेलो तेव्हा हिरवी नाव तिथेच उभी होती."

"मर्ल, मला नीट सांगा," निकोलेट म्हणाली. "मी वर लिहिलं तर ती जागा तातडीने बंद करून घेता येईल, पुलापासून गिरणीच्या ओढ्यापर्यंत. पण कुणाच्या हातून झालं ते लिहावं लागतं. घरटी मोडणं कायद्याने गुन्हा आहे; ज्याचं नाव लिहीन, त्याचा परवाना या हंगामापुरता जाईल."

"उत्तम! लिही मग. कोर्बिन लास्क. स्पेलिंग सांगू?"

सगळे हसले. एकाने टेबलावर थाप मारली. लॉजचा काटा एका सहीत निघत होता, रेव वाचत होती, आणि दुखणारं कुणी नव्हतं. निकोलेटने वही उघडली. हिल्मा ज्याच्यासाठी पंधरा दिवस भांडली ते सगळं आयतं समोर आलं होतं. तिने फक्त कॉफी पीत बसायचं होतं.

"बंद कर ती वटवट," हिल्मा म्हणाली.

"का? काय झालं?"

"तू नांगर पडताना बघितलास, मर्ल?"

"बघायला कशाला पाहिजे? त्याशिवाय कोण..."

"मी." ती उठली होती. "माझा नांगर होता. मी टाकला. लिही, निकोलेट. हिल्मा कोस्केला."

मग मर्ल समजुतीच्या सुरात म्हणाला, "अगं, पण तो तिथे होता म्हणूनच ना? रागाच्या भरात होतं माणसाचं. चूक मूळ त्याचीच."

यावर हिल्मा इतकी भडकली की मागच्या खोलीतून बर्निस धावत आली. "माझा पाय होता खटक्यावर! त्याचा नव्हता! रागाच्या भरात म्हणे! चाळीस वर्षं तुम्ही माझा राग ऐकून घेतलात, हसलात, त्याच्या गोष्टी करून सांगितल्यात. एकानेही म्हटलं नाही की बाई, तोंड आवर. आता माझं नाव पुसून त्याचं लिहायला निघालात!"

"तुला तोंड आवर म्हणणार कोण?" मर्ल पुटपुटला.

हे मात्र खरं होतं.

रेव बंद झाली. पुलापासून गिरणीच्या ओढ्यापर्यंत दोन मैल, सगळ्यांनाच. त्यामुळे बाकीच्यांचाही फेब्रुवारी-मार्च कोरडा गेला, आणि जे सात जण हसत होते ते आता तिच्याशी बोलेनासे झाले. परवाना गेला तो गेलाच. नाव अंगणात पालथी पडली. गिऱ्हाइकांना तिने एकेक करून फोन केले, आणि कारण विचारलं त्यांना कारणही सांगितलं. एकाने म्हटलं, पुढच्या वर्षी येऊ. बाकीचे बघू म्हणाले.

मार्चच्या मध्याला ती बर्निसकडे गेली. गाइडांच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती. मर्लने तिच्यावर आपलं जाकीट ठेवलं. हिल्मा खिडकीशी एकटी बसली. कोर्बिन आत आला, इकडेतिकडे न बघता तिच्या समोर येऊन बसला.

"ऊठ इथून," ती म्हणाली.

"कॉफी पिऊन उठतो."

"दुसरीकडे पी."

तो उठला नाही. बर्निसने कप आणून ठेवला. बराच वेळ त्याने साखर ढवळली. "त्या दिवशी तू गप्प बसली असतीस तर माझं नाव लागलं असतं," तो म्हणाला. "मी नाही म्हटलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं."

"तुझ्यासाठी नाही बोलले मी."

"माहीत आहे."

"तुझा राग अजून आहे मला. पहिला नांगर तूच टाकलास तिथे."

"तेही माहीत आहे."

"पण खटक्यावरचा राग माझा होता," हिल्मा म्हणाली. "तो तुझ्या नावावर कसा लिहून देऊ?"

कोर्बिन रोज सकाळी रेवेशेजारच्या रस्त्याने लॉजवर जातो, हे तिला ठाऊक होतं. महिनाभर ती स्वतः तिकडे फिरकली नव्हती. तिने कप दोन्ही हातांत धरला आणि बाहेर बघत विचारलं, "ती मोठी. लाल पट्ट्याची. परत आली का रेवेवर?"

कोर्बिनला तिची भीती वाटायची, अजूनही वाटते. त्याला खोटं बोलता आलं असतं. पण तिच्याच हाताखाली शिकला होता तो.

"नाही," तो म्हणाला. "तिचा नर तेवढा थांबलाय. रोज त्याच जागी असतो."